तात्याला घर हवंय

कुत्र्याचं पिल्लू हवं म्हणून आमच्या शकूमावशींकडे जाल, तर पिल्लू बाजूलाच राहील, आधी तुमची तोंडी परीक्षा होईल. "राग आला की काय फेकता?" हा पहिला प्रश्न. एक गृहस्थ हसत म्हणाले, "कधीमधी रिमोट."

"मग मासे पाळा. पुढचा!"

मावशी इंदिरानगरात माझ्या शेजारी राहतात. निवृत्त मुख्याध्यापिका, घरात एकट्या. दर रविवारी कॉलनीतल्या प्राणिमित्र मंडळींबरोबर मैदानात टेबल टाकून बेवारस कुत्र्यांना घरं मिळवून देतात. स्वतः मात्र एकही पाळत नाहीत. "एकावर जीव जडला, की बाकीच्यांवर अन्याय." अहो, मनमाडहून आलेल्या सहा फुटी पैलवानाला या बाईंनी भर मैदानात कान पकडायला लावले. का, तर तो येताना लोखंडी साखळी घेऊन आला! आणि त्यानं पकडले! मी तर हात जोडले.

गेल्या थंडीत तात्याला, म्हणजे पिकल्या मिशांच्या एका भटक्या कुत्र्याला, द्वारका चौकाजवळ ट्रकनं उडवलं. मागचं अंग लुळं पडलं. त्याला आमच्या पार्किंगमध्ये आणलं.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, हा बरा होणार नाही. इंजेक्शन देऊन सोडवू या."

"घर न शोधताच? डॉक्टर आहात की यम?"

इंजेक्शनवरून मंडळींत दोन तट पडले. रविवारी मावशींनी तात्याला टेबलाशेजारी ठेवून मैदान दणाणून सोडलं. "गुणी आहे हो! कुणावर भुंकत नाही!" पिल्लं भराभर गेली. तात्याकडे लोक बघत आणि मुलांना पुढे ओढून नेत.

सोमवारी तात्यानं दूधही नाकारलं. नुसता कण्हत होता. मावशी बराच वेळ त्याच्यापाशी बसल्या. मग मला म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलाव रे."

डॉक्टरांनी बॅग उघडली. "याच्या वतीनं हो कोण म्हणणार? कुत्रा कुणाचा?"



"माझा," मावशी म्हणाल्या. "आणि जरा थांबा. त्यानं अजून घर बघितलेलं नाही."

त्यांनी तात्याला अलगद चादरीत घेतलं आणि वर आपल्या घरात नेलं. गुडघ्यांनी अधू बाई, पण कुणाला हात लावू दिला नाही. उघड्या दारातून आवाज येत होता, "हे स्वयंपाकघर. ही बाल्कनी, सकाळी ऊन येतं इथे. आणि या खोलीत कुणीच नसतं रे. हवा तिथे झोप."

डॉक्टर बूट काढून उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांना आत बोलवायची मावशींना घाई नव्हती.