बोरखिंड पॅसेंजर

बोडकेकाकांच्या जेवणाच्या टेबलावरच्या रेल्वेतल्या प्रवाशांनी मंगळवारी सकाळी नऊ वाजता रेल रोको केला.

काका तेव्हा नव्या इंजिनाला चहाच्या पाण्यानं गंज चढवत होते. इंजिन म्हातारं दिसावं म्हणून हा माणूस दिवसदिवस खपतो आणि स्वतःच्या केसांना दर पंधरा दिवसांनी कलप लावतो, पण ते जाऊ दे. त्यांनी मान वर केली तर अर्ध्या बोटाएवढी सतरा माणसं रुळांवर मांडी घालून बसलेली. काकांनी ती उभी चिकटवली होती.

स्टेशनमास्तरनं रीतसर निवेदन दिलं. पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं, काकांनी भिंगातून वाचलं. आठ वर्षं काकांनी काडेपेटीच्या काड्यांचे स्लीपर टाकले, वाळू चाळून खडी केली, गादीच्या स्पंजाची झाडं लावली, आणि स्टेशन बांधलं एकच. गाडी सुटायची, गोल फिरायची आणि परत तिथंच यायची.

"तिकीट काढून जायचं कुठं?" मास्तरनं विचारलं.

काकांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. पुढं हिरव्या लुगड्यातली एक बाई ट्रंकेवर बसली होती. ती म्हणाली, "आठ वर्षं ट्रंक भरून उभीय मी. माझं माहेर बांधा, मग उठते."

रविवारी हौशी रेल्वे मंडळाचे लोक बघायला यायचे होते. गाडी धावली नसती तर काकांची आठ वर्षं पाण्यात. पण टेबलावर वीतभर जागा नव्हती. जागा होती फक्त फ्रीजच्या डोक्यावर, आणि तिथं काकूंच्या लोणच्याच्या बरण्या.

काकूंनी अर्ज लेखी मागितला. वाचून झाल्यावर त्या टेबलाशी गेल्या आणि बाईला विचारलं, माहेर कुठलं गं तुझं? बाई म्हणाली, अजून केलेलंच नाही.

काकूंनी बरण्या हलवल्या. अट एकच घातली, स्टेशनचं नाव बोरखिंड. हे काकूंचं माहेर. एसटी फाट्यापर्यंतच जाते, पुढं दोन तास चाल, आणि काकूंचा गुडघा सहा वर्षं संपावर.

आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल टेबलावरून फ्रीजवर चढवला. काका देऊळ करत होते, काकू शेजारी उभ्या. "चिंच देवळाच्या डावीकडे. उजवीकडे लावलीत तर परवानगी रद्द."

शनिवारी पहिली गाडी लागली. हिरव्या लुगड्याच्या मागं काकू पिशवी घेऊन रांगेत. मास्तरनं तिकिटासाठी वय विचारलं, काकूंनी चार वर्षं कमी सांगितलं. डब्याच्या खिडकीतून त्या काकांना दूध तापवायच्या सूचना देत राहिल्या. मग काकांनी हिरवा झेंडा दाखवला.

रविवारी मंडळाचे लोक आले. सचिवांनी काकूंची चौकशी केली.

"माहेरी गेलीय. चार-दहाच्या गाडीनं येईल."

सगळे खुर्च्या ओढून फ्रीजकडं बघत बसले. गाडी आली. दोघांनी काकूंना हात दिला, एकानं पिशवी उतरवून घेतली. पिशवीत चिंचा होत्या.

सचिवांनी वहीत शेरा लिहिला, गाडी सहा मिनिटं लेट, पुलाचा चढ तपासावा.

"चढ बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "वहिनीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. ड्रायव्हरलाही."

सचिवांनी शेरा खोडला.