ग्रुपात नसलेले वानखडेकाका

वानखडेकाका आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर टिकली लावतात. काकूंच्या पाकिटातली, मरून रंगाची. व्हिडिओ कॉल आला की टिकली काढून भिंतीला चिकटवायची आणि बोलणं संपलं की परत फोनला. चार दिवसांत तिचा डिंक जातो, मग नवी लागते. "माह्या कपाळापेक्षा त्या फोनलेच जास्त टिकल्या लागतात," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

चिखलीला आमच्या कॉलनीत त्यांचं घर माझ्या घराला लागून आहे. मी शाळेत शिकवते. काका मेहकरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात, काका मोबाइलच्या परवानग्या तपासायला लागले. एकदा टॉर्चचं ॲप घेतलं, तर त्याने फोनमधले सगळे नंबर मागितले. काका दोन दिवस तेच सांगत फिरत होते. "उजेड पाडाले त्याले माह्या साल्याचा नंबर काऊन पाहिजे?" कापडाच्या दुकानात बिल करताना मुलीने मोबाइल नंबर विचारला, तर म्हणाले, "सदरा मले घरून फोन करणार हाय काय?" सदरा तिथेच राहिला. काकूंनी दुसऱ्या दिवशी जाऊन आणला, स्वतःचा नंबर देऊन.

ते फक्त ओपन सोर्स वापरतात. ते काय असतं, हे त्यांनी मला गिलकी चिरता चिरता समजावलं होतं. "आचारी सगळ्यांसमोर सैपाक करून राह्यला, तर भाजीत काय टाकलं ते दिसते न? तसा कोड सगळ्यांसमोर."

"पण काका, आपल्याला कोड कुठे कळतो?"

"आपल्याले नाही कळत. ज्याले कळते तो पाहून राह्यला न. कोड उघडा पाहिजे अन् गोष्ट झाकलेली."

हे वाक्य ते दिवसातून तीनदा म्हणतात. ते ऐकून मी माझा जुना लॅपटॉप त्यांच्या हवाली केला. त्यांनी त्यात नवी फुकटची प्रणाली घातली. लॅपटॉप पळायला लागला, पण प्रिंटर त्याला ओळखेना. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका मी फळ्यावर लिहून दिल्या. पाचव्या दिवशी सकाळी काका चहाच्या वेळेला आले, प्रिंटरमधून एक कागद काढला आणि तो कोराच आला तरी समाधानाने घडी घालून खिशात ठेवला. शाई संपली होती, ओळख मात्र पटली होती.

सगळी कॉलनी ज्या ॲपवर आहे, त्यावर काका नाहीत. त्यांच्या ओपन सोर्स ॲपवर पुण्यातला मुलगा, मी आणि काकू. काकू त्याच खोलीत असतात. त्यामुळे नळ कधी येणार, कोणाकडे बारसं आहे, हे काकांना कळत नाही. रोज सकाळी ते माझ्या फाटकाशी येऊन विचारतात, "मॅडम, आज काही हाय काय?"

गेल्या उन्हाळ्यात एक गोष्ट झाली. समोरच्या इंगळ्यांची सोनल मेहकरला एका दवाखान्यात नर्स आहे. तिला फिट्स येतात, गोळ्या चालू आहेत. तिच्या आईने तिचा रिपोर्ट मामाला पाठवायला घेतला आणि तो गेला कॉलनीच्या ग्रुपवर. पुसेपर्यंत सगळ्यांनी पाहिला होता. मग सुरू झाले सल्ले. कोणी कांदा हुंगवायला सांगितलं, कोणी लग्नाचं कसं होणार म्हणून हळहळलं. कोणी वाईट बोललं नाही, पण सोनल बाहेर यायची बंद झाली. रजा टाकून घरात बसली.

नवव्या दिवशी मी काकांकडे बसले होते, तेव्हा ती आली. फोन पुढे केला. "काका, तुमचं ते ॲप टाकून द्या."

तीन वर्षं काका या वाक्याची वाट पाहत होते. तरी त्यांनी नुसता चष्मा पुसला आणि कामाला लागले.

सोनलने खाली बघत विचारलं, "काका, तुम्हीबी वाचलं असंन न?"

"मी कुठं हाय त्या ग्रुपात?"

"कोणी सांगितलं असंन."

"आले होते दोघं जण सांगाले. मी म्हटलं, ते तिचं हाय. सांगायचं असंन तर ती सांगंन."

सोनलने मान वर केली. मग म्हणाली, "सांगू?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही जरा अंगणात बसता काय?" आणि मी उठल्यावर दार लावून घेतलं. आत ती काय बोलली, मला माहीत नाही. तासाभराने ती बाहेर आली ती चहाचा कप हातात घेऊन, माझ्यासाठी. पुढच्या सोमवारी कामावर गेली.

त्या दिवशी ती घरी गेल्यावर काका माझ्याजवळ पायरीवर बसले.

"एक्स्चेंजात नवा होतो तवा जानेफळहून एक बाई दर सोमवारी अकोल्याले भावाले ट्रंक कॉल लावे. एक दिवस नवऱ्याचं सांगून खूप रडली. कॉल जोडून मी लाइनवरच होतो. कान काढाले पाहिजे होता, नाही काढला. घरी येऊन हिले सांगितलं. पुढं ते कसं फिरलं, काय विचारता. पुढच्या सोमवारी तिचा फोन आला नाही. मंग कधीच नाही आला."

"तिची माफी मागायची होती, तर तोंड कधी पाह्यलंच नव्हतं. फक्त आवाज," ते म्हणाले. "अजूनही बाजारात कोणी म्हातारी बाई भाव करून राह्यली की मी थांबून ऐकतो."