दाढ हालते का कंबर?

मंगळवार, १२ जानेवारी १९६५. संक्रांतीच्या बांगड्या पेट्यांत भरत होते. वाळल्या गवतात गुंडाळून रचायच्या आणि उद्या, भोगीच्या दिवशी, पिंपळगाव राजाच्या बाजारात विकायला न्यायच्या. तेवढ्यात अंगणातून हाक आली, "वहिनी, जरा गाडीत येऊन बसा. दाढ हालते का कंबर, तेवढं सांगा."

हे माझे दीर, नामदेवभाऊजी. लग्न केलं नाही. गाडी म्हणजे आमची जुनी डिझेल व्हॅन. यजमान गेल्यावर बांगड्यांचा धंदा मी धरला आणि गाडी भाऊजींनी. इंजिन थरथरलं की बाकीचे मिस्त्री त्यावर हात ठेवतात. भाऊजी गाडीत माणूस ठेवतात. दाढ हलली तर डिझेल सोडणाऱ्या पंपाचं टायमिंग बिघडलं, कंबर हलली तर इंजिनाखालचं रबर गेलं, पोट हललं तर नोझल चोंदला. ही विद्या गेल्या दोन वर्षांतली. कुठून आणली, देव जाणे.

धामणगाव बढ्यात या गाडीत न हललेलं पोट शोधून सापडणार नाही. एकदा तर गावात आलेल्या कीर्तनकारबुवांना मागच्या बाकावर बसवून वेशीपर्यंत फिरवून आणलं. बुवा म्हणाले, सगळंच हालतंय. भाऊजी नाराज झाले. "नीट ध्यान द्या, बुवा. एवढं कीर्तन करता अन् सोताची दाढ समजत नाही?"

एवढ्या परीक्षा होऊनही चढावर सायकलवाले आम्हाला मागे टाकत. मागून पांढरा धूर, आणि भाऊजी शांतपणे म्हणत, "जाऊ द्या, त्याईले घाई आहे."

मला मात्र घाई होती. मागच्या बाजाराला पेटी उघडली तर गाडीच्या थरथरीने निम्म्या बांगड्यांचा चुरा. संक्रांतीला बायकांना काय तुकडे विकू? म्हणून मुकाट्याने गाडीत जाऊन बसले.

"दाढ," मी सांगितलं.

"वरची का खालची?"

"भाऊजी, मले पेट्या भराच्या आहेत."

"टायमिंग पंपाले असते वहिनी, तुमच्या पेट्याइले नाही."

पंपाचे बोल्ट सैल करून त्यांनी तो ज्वारीच्या दाण्याएवढा सरकवला. गाडी चालू. आता? दाढच. पुन्हा बंद, पुन्हा दाणाभर. इंजिन तापलं आणि मीही. खाली उतरले.

"सोता हात लावून पाहा ना. का हातबी माहेच लागतात?"

ते हसले. बाही सावरून त्यांनी तळवा सरळ धुराच्या तापलेल्या नळीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. "पाहा. काहीच नाही हालत. बसलं टायमिंग."

कातडी जळाल्याचा वास आला. मी त्यांचा हात खेचून काढला. तळवा पांढरा पडला होता, आणि ते त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसे बघत होते. मी त्यांची बाही वर केली. मनगटावर फिकट चट्टा. त्यावर मी फुटक्या बांगडीचं टोक टोचून पाहिलं, तरी त्यांचा हात हलला नाही.

"कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले." मग हळूच, "लोकाईले सांगू नका, वहिनी. महारोग म्हनतीन. मंग माह्या गाडीत कोन बसन?"

मी हातावर गार पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या घरातच ठेवल्या. भाऊजींच्या हाताला धुतलेलं फडकं बांधलं आणि त्यांना बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायला निघाले. तिथे या रोगाच्या गोळ्या मिळतात आणि वेळेत घेतल्या तर माणूस बरा होतो, एवढं मला ठाऊक होतं.

शेजारची गंगूबाई दारात उभी होती. "काऊन वं, भोगीचा बाजार सोडून कुठं चालली?"

"पंप दाखवाले," मी म्हटलं, आणि गाडीत भाऊजींच्या शेजारी बसून दार ओढून घेतलं.