पाय न टेकणारे आबा

कोल्हापुरात सायकल दामटणारे ढिगानं सापडतील. सायकल हळू चालवावी ती मात्र आमच्या शेजारच्या आबा कांबळ्यांनी. हळू म्हणजे किती? भाजीच्या पिशव्या घेऊन निघालेल्या बायका गप्पा मारत मारत त्यांच्या पुढं निघून जायच्या. एकदा तर रंकाळ्यावरून परतणारी म्हैस त्यांना ओलांडून गेली आणि पुढं जाऊन तिनं वळून बघितलं. आबांना त्याचं काही नाही. समोर गर्दी झाली की ते हँडल किंचित वाकडं करायचे, दोन्ही पाय पेडलवर तसेच ठेवायचे आणि भर रस्त्यात सायकलीवर उभे राहायचे. रिक्षावाले शिव्या घालत बाजूनं जायचे. आबा जमिनीला पाय लावायचे नाहीत.

आबा सरकारी दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून रिटायर झालेले. औषध थेंबाथेंबानं ओतण्यात जन्म गेला, म्हणून असा स्वभाव झाला असं काकी म्हणायच्या. काकी म्हणजे त्यांची बायको. मी हायस्कुलात मास्तर आणि स्वभावानं उतावळा. चहा निवायच्या आत पिऊन जीभ भाजून घेणारा. त्यामुळं आबांना बघून सुरुवातीला माझा जीव वरखाली व्हायचा.

गणपतीत आमच्या पेठेतलं मंडळ स्लो सायकलिंगची स्पर्धा ठेवायचं. जो सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद. आबा म्हातारे झाले तरी स्पर्धेत असायचे आणि दरवर्षी जिंकायचे. बाकीची पोरं पडून, धडपडून, बाद होऊन घरी जायची, तरी आबा निम्म्या वाटेवरच. शेवटी मंडळाचा अध्यक्ष हात जोडायचा, "आबा, जिंकलासा तुमी. या की आता बिगीबिगी, आरतीची येळ झाली." आबा म्हणायचे, "नियम म्हंजे नियम. पाय टेकला की औट."

हे 'पाय टेकला की औट' त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींना लावलं होतं. मी एकदा टायफॉइडनं अंथरूण धरलं तर उशाशी येऊन बसले आणि म्हणाले, "सर, पेज पीत ऱ्हावा, पर पाय टेकू नगा." त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, पण बरा झालो खरा.

अशा या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट झटक्यात केली. त्यांची एकुलती एक लेक, सुमन. तिच्यासाठी आबांनी नोकरीवाला मुलगा बघून सुपारी फोडायची तयारी केली होती. सुमननं सांगितलं, मी कागलच्या पलीकडच्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या पोराशीच लग्न करणार. आणि केलंही. त्या दिवशी आबा अख्ख्या गल्लीसमोर ओरडले, "तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाय मी!" काकी दर महिन्याला एसटीनं लेकीकडं जायच्या, गूळ नाहीतर शेंगा घेऊन यायच्या. आबा विचारायचे, "कुणाचा गूळ ह्यो?" काकी म्हणायच्या, "दुकानातला." मग आबा लागोपाठ तीन खडे तोंडात टाकायचे. बाप शब्द मागं घेत नव्हता आणि लेक माफी मागत नव्हती. काकी एकदा माझ्या आईजवळ बसून रडल्या, "दोघं बी एकाच मातीची हायती. मी मेल्यावर भेटतील बघा." हे मी भिंतीआडून ऐकलं आणि मला आबांचा मनापासून राग आला.

वर्षातून काही वेळा आबा सायकल घेऊन सबंध दिवस गायब व्हायचे. चौकातल्या एसटीडी बूथवर कुण्या ओळखीच्या पाटकऱ्याचा, म्हणजे कालव्याचं पाणी वाटणाऱ्या माणसाचा, फोन यायचा. बूथवाला ओरडायचा, "आबा, पावणं सुटलं!" की आबा टायरला हवा मारायला बसायचे. एकदा न राहवून मी विचारलं, कोण हे पाहुणे? आबा म्हणाले, "यायचं तर या. पर घाई करायची न्हाय. आन् पावण्याच्या फुडं जायचं न्हाय."

मी भाड्याची सायकल घेतली. उजाडायच्या सुमाराला निघालो, कागल मागं टाकलं आणि कालव्याच्या भरावावरच्या मातीच्या वाटेला लागलो. कालवा कोरडा ठाक. तळाला पाचोळा, फाटकी चप्पल, एक उलथी पडलेली बादली. एका पुलावर आबा थांबले. थांबले म्हणजे सायकलीवरच. मी म्हटलं, "इथं तर काहीच नाही."

"येतंय की."

आणि ते आलं. वरच्या धरणातून पाळीचं, म्हणजे शेतांना ठरावीक दिवसांनी मिळणारं, पाणी सोडलेलं आणि त्याचं तोंड आमच्यापर्यंत पोचत होतं. मी पाणी खूप पाहिलंय, पंचगंगेचा पूर पाहिलाय, पण पाण्याला असं चालत येताना कधी पाहिलं नव्हतं. आवाज नाही, गडबड नाही. वीतभर उंचीचं, तपकिरी, काठाला फेस आणि त्यावर तरंगणारा पाचोळा. ते एकेक खड्डा भरायचं, जरा थबकायचं आणि पुढं सरकायचं. त्याच्या पुढं बगळ्यांची रांगच्या रांग, भोकातून बाहेर पळणारे किडे टिपत उलट्या पावली चालल्यासारखी. उलथी बादली आधी डुगडुगली, मग सरळ झाली आणि निघाली. माझ्या अंगावर काटा आला.

आबांनी पेडल मारलं. पाणी जितक्या चालीनं जाईल तितक्याच चालीनं त्यांची सायकल. मला ते जमेना. दहा पावलांत दोनदा पडलो आणि शेवटी उतरून सायकल हातात धरून चालत राहिलो. पेठेतला तो सगळा सराव कशासाठी होता ते मला तिथं कळलं. वाटेवर उसात काम करणारी माणसं आबांना ओळखत होती. आबा हाळी द्यायचे, "पावणं आलं वो!" आणि माणसं खोरी घेऊन धावायची. एका गुऱ्हाळावर काहिलीतला गरम रस मिळाला. तोही आबांनी सायकलीवरूनच प्यायला.

मी म्हटलं, "आबा, जरा पुढं जाऊन सावलीला बसू. पाणी येईल मागून."

ते चिडलेच. "मुराळी हाय मी. पावण्याला वाटंत टाकून फुडं पळणारा मुराळी बगितलाय का कुठं?" मुराळी म्हणजे लेकीला सासरी-माहेरी पोचवणारा घरचा माणूस. माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

उन्हं कलली तेव्हा आम्ही कालव्याच्या शेपटाला पोचलो. तिथं एक छोटा पूल, पुलापलीकडं शेत आणि शेतात कौलारू घर. पुलाच्या कठड्यावर एक तांब्या ठेवलेला, वर ताटली झाकलेली. आबांनी सायकलीवरूनच तो उचलला आणि घटाघटा ताक प्यायलं. "कोण तरी भला माणूस ठेवतोय," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. पाणी चारीतून वळलं आणि त्या शेतात शिरलं. शेतात एक बाई दारं धरत होती, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत होती. कडेवर लहान मूल. तिनं मान वर केली नाही. आबा शेवटचा वाफा भिजेपर्यंत तसेच उभे राहिले, पाय पेडलवर, नजर पलीकडं. मग त्यांनी सायकल वळवली. ती बाई सुमन होती हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लेकीकडं जायचं नाही म्हणून बाप पाणी पोचवायला जात होता, तेही पुलाच्या अलीकडंपर्यंत. वर्षानुवर्षांचा माझा राग त्या पुलावरच राहिला.

पुढं एका वर्षी पाऊस कमी झाला, धरण अर्धंही भरलं नाही, आणि उन्हाळ्यातली पाळी रद्द झाली. आबा रोज बूथवर जाऊन विचारायचे आणि मान खाली घालून परत यायचे. जेवण तुटलं. काकी मला म्हणाल्या, "सर, यास्नी कुठं तरी फिरवून आणा की."

मी काही बोलायच्या आत आबाच दारात उभे. "चला सर, कॅनॉल बगून येऊ."

"पाणी कुठाय, आबा?"

"न्हाय म्हणूनच."

त्या दिवशी आबा जोरात सायकल चालवू शकतात हे मला कळलं. सोबत पाणी नाही म्हटल्यावर हळू जायचं कशाला? म्हातारा धूळ उडवत पुढं आणि मी मास्तर धापा टाकत मागं. कालव्याला भेगा पडलेल्या. पूल दिसला, तसा पलीकडून एका चिमुरड्या पोरीचा आवाज आला, "आये, पाण्याचा अज्जा आला! पर पाणी कुठाय?"

पाळी रद्द झाली तरी कठड्यावर तांब्या होता. त्याच्याशेजारी सुमन उभी होती.

"पाणी आलं न्हाय, आबा," ती म्हणाली.

"व्हय. न्हाय आलं." आबा सायकल तोलत म्हणाले, "मीच आलोय."

सुमन तांब्या उचलून घराकडं निघाली. आबांनी पूल ओलांडला. सायकल शेणानं सारवलेल्या अंगणात आली, उंबऱ्यासमोर आली आणि हँडल किंचित वाकडं करून आबा तिथं उभे राहिले. दोन्ही पाय पेडलवर.

"उतरा की," सुमन म्हणाली.

"शब्द दिलाय मी. पाय ठेवायचा न्हाय."

"मग ऱ्हावा तसंच," लेक म्हणाली. "च्या तितंच आणतो."

आणि खरोखरच आणला! एका हातात बशी, एका हातात हँडल, असा तो माणूस लेकीच्या अंगणात चहा पीत होता. पण इतक्या जोरात सायकल मारून आलेला देह. पोटऱ्या थरथरायला लागल्या, चहा बशीतून सारवणावर सांडायला लागला. सुमनचे ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले. ती हलेना, हे उतरेनात. आयुष्यात कुठल्याही स्पर्धेत कुणी पडावं म्हणून मी असा देव पाण्यात घालून बसलो नसेन.

तेवढ्यात ती पोरगी पुढं आली. तिनं सायकलीचं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि वर बघून म्हणाली, "अज्जा, पडशील की! टेक की पाय!"

आबांनी पाय टेकला. आधी उजवा, मग डावा.

"औट," ते हळूच म्हणाले. सायकल माझ्या हातात दिली आणि नातीचं बोट धरून घरात गेले.