बावीस इंच तारेची निवड समिती

सेवानिवृत्त वजनमापे निरीक्षकांच्या घरी एका सोमवारी सकाळी बावीस इंच तारेची गरज निर्माण झाली.

बाकी सगळं तयार होतं. निरीक्षकांनी दोन महिने खपून, पुस्तकात बघून, घरच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधला होता. लाकडी पेटी घासून गुळगुळीत झाली होती, आतल्या पट्टीवर एकेक भाग सोल्डर करून बसवला होता. आता कॅसेट प्लेअरपासून पट्टीपर्यंत आणि पट्टीपासून स्पीकरपर्यंत तारा जोडल्या की काम संपलं.

हा खटाटोप होता थोरल्या बहिणीसाठी, अक्कासाठी. आई गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. तिच्या आवाजाची एकच कॅसेट घरात होती. अक्काचे कान आता उतरले होते, लहानसहान यंत्रांचा आवाज तिच्यापर्यंत पोचत नसे. आणि तीन आठवड्यांनी ती लेकीकडे, समुद्रापलीकडे, कायमची राहायला जाणार होती. त्याआधी एकदा भावाशेजारी बसून आईचं गाणं ऐकायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

निरीक्षक दुकानात गेले. दुकानदाराने किती मीटर हवी ते विचारलं. निरीक्षकांनी गुणवत्तेचा आधार काय ते विचारलं.

"साहेब, तांब्याची तार आहे. या टोकाला घातलं की त्या टोकाला पोचतं."

"पोचतं, पण कसं पोचतं?"

दुकानदाराने तीस वर्षं तार विकली होती. कसं पोचतं ते त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने निमूटपणे नऊ प्रकारचे नमुने कापून दिले आणि गिऱ्हाईक गेल्यावर पाणी प्यायला.

ज्या माणसाने उभ्या नोकरीत एकही माप शिक्क्याशिवाय बाजारात जाऊ दिलं नाही, त्याने सख्ख्या आईचा आवाज बिनशिक्क्याच्या तारेतून जाऊ द्यावा, हे शक्य नव्हतं. रीतसर समिती नेमली गेली. अध्यक्ष स्वतः निरीक्षक. सदस्य-सचिव त्यांची बायको, जिने शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून हयात घालवली होती. तज्ज्ञ सदस्य म्हणून मागच्या गल्लीतले एक गृहस्थ, ज्यांना सगळे कानसेन म्हणत आणि ज्यांनी ती थट्टा पदवी म्हणून स्वीकारली होती.

पहिली बैठक जेवणाच्या टेबलावर झाली. बायकोने पाटीवर मांडावं तसं सांगितलं की दोन फूट तांब्याचा अडथळा स्पीकरच्या मानाने हजारात चार भाग; डोळे मिटून कुठलीही लावा, फरक ब्रह्मदेवालाही कळायचा नाही. इतिवृत्तात 'सदस्य-सचिवांनी चहाची व्यवस्था केली' अशी नोंद झाली.

कानसेनांनी नमुने घरी नेले, स्वतःच्या यंत्रावर ऐकले आणि चार दिवसांनी अहवाल दिला. पहिली तार घाई करत होती. तिसरीत खर्ज कष्टी वाटत होता. पाचवी चांगली होती, पण तिला ते ठाऊक असल्यासारखं वाजत होतं. सातवीबद्दल त्यांनी फक्त मान हलवली, आणि निरीक्षकांनी तीही हलवल्याप्रमाणे लिहून घेतली.

मग कानसेनांनी सहज म्हणून सांगितलं की तारेला दिशा असते. ओढून बनवताना ती ज्या बाजूने आली, त्याच बाजूने आवाज सुखाने जातो. म्हणजे नऊ नमुन्यांचे अठरा झाले. निरीक्षकांनी प्रत्येकाला दोन टोकांना दोन चिठ्ठ्या लावल्या आणि त्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून वेगळं रजिस्टर उघडलं.

अक्का रोज चहाच्या वेळी विचारायची, झालं का रे. निरीक्षक तिला प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगायचे, आणि तिला ऐकू येत नसल्यामुळे पुन्हा मोठ्याने सांगायचे.

"अरे, मला दोन हातांवरून मारलेली हाक कळत नाही," ती एकदा म्हणाली. "तुझी तार घाई करते की बसून राहते, ते मला काय समजणार?"

"तुला नाही समजलं तरी आईच्या आवाजाला समजेल, अक्का."

यावर तिने बशीतला चहा संपवला.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सहावी तार, उलट्या दिशेने, बहुमताने मंजूर झाली. तेव्हा कानसेनांनी आठवण करून दिली की नवी तार रुळावी लागते. दोनशे तास तिच्यातून संगीत गेलं पाहिजे, तोवर ती ऐकण्यालायक नसते. त्यांच्या यंत्रावर रुळवता येईल का, असं निरीक्षकांनी विचारलं. कानसेनांनी कानाची पाळी धरली. माहेरी ठेवून सुनेला सासरचं वळण लागत नाही, ते म्हणाले. तार ज्या यंत्रात नांदायची, त्याच यंत्रात रुळली पाहिजे.

पण यंत्र चालायला तार लागते. म्हणून तार रुळवण्यासाठी आधी एक तात्पुरती तार जोडून यंत्राला सवय लावायचं ठरलं. तात्पुरती तार वाईट निघाली तर यंत्राला वाईट सवयी लागतील, म्हणून तिच्या निवडीसाठी उपसमिती नेमली. सदस्य तेच होते. विषयपत्रिका वेगळी होती.

बायको म्हणाली, तात्पुरती तर तात्पुरती, तिच्यावरच अक्कांना ऐकवू या.

"शिक्का मारण्याआधी माप वापरलं की मी खटला भरायचो," निरीक्षक म्हणाले.

उपसमितीचा निकाल लागला नाही आणि अक्काचा दिवस उजाडला. गाडी दाराशी आली. बॅगा खाली गेल्या. अक्का चपला घालून खुर्चीवर बसली आणि मुक्या पेटीकडे बघत राहिली. तेच बायकोला बघवेना. तिने टेबलावरच्या दिव्याची वायर कात्रीने कापली, टोकं दातांनी सोलली आणि काय होतंय ते निरीक्षकांना कळायच्या आत जोडून बटण दाबलं.

आई गायला लागली. मध्येच एका लहान मुलाचा रडका आवाज आला, अक्काच्या वाटीत जास्त आहे म्हणून. गाणं थांबलं. "मोज बाबा, मोज," आई म्हणाली. "तुझं मोजून होईपर्यंत ती खाऊन मोकळी होईल." आणि गाणं पुढे सुरू झालं.

अक्काने स्पीकरला कान लावला होता. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. भावाचा हात धरायला तिने हात पुढे केला, पण त्या हातात पेन्सिल होती. निरीक्षक लिहीत होते: वरच्या पट्टीत किंचित खरखर, कारण अनधिकृत वायर.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर बायकोने विचारलं, आई मध्येच काय म्हणाल्या, ऐकलंत का? निरीक्षकांना आठवेना. खरखर कितव्या मिनिटाला होती, ते मात्र आठवत होतं. त्याच संध्याकाळी तिने समितीचा राजीनामा दिला. तो दोन हरकतींसह स्वीकारण्यात आला.

समितीचं काम चालू आहे. शेवटी कुठली तार ठरली, हे जाणून घ्यायला आता तुम्हीही उत्सुक असाल. आई कुठलं गाणं म्हणत होती, हे अजून तुम्ही विचारलेलं नाही. सदस्य-सचिवाची जागा रिकामी आहे. अर्ज करावा, पात्रता सिद्ध झालेलीच आहे.