शामभाऊंचा पेचकस

क्लिनिक उघडलं त्या पहिल्या दिवशी माझ्याकडे चार पेशंट आले. पाचवे आले ते शामभाऊ देवगिरकर. त्यांचा दात दुखत नव्हता. हातात दोन फुटी पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, होता. चपला दाराशी काढून ते सरळ कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरकडे गेले, पेचकसाचं टोक त्याच्या पोटाला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. खुर्चीत आ वासून बसलेल्या बाईंनी भुवयांनीच मला विचारलं, हे कोण? मला तरी कुठे माहीत होतं! मिनिटभरानं शामभाऊंनी डोळे उघडले आणि वाईट बातमी सांगावी तशा सुरात म्हणाले, "आवाज आहे."

"कसला आवाज?"

"बेअरिंग गेलं. पंधरा दिवस काढंन. जास्तीत जास्त."

बाहेर बसलेल्या दोन पेशंटांनी एवढं ऐकलं आणि कुणाचे पंधरा दिवस उरलेत याची चौकशी न करता ते घरी निघून गेले. चौदाव्या दिवशी कॉम्प्रेसर बंद पडला. तेव्हापासून मी शामभाऊंना थोडी घाबरूनच असते.

ते आमच्या समोरच्या घरात राहतात. उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये त्यांनी सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये काढली. त्या धडधडाटात डावा कान पार गेला, उजवा अर्धा उरला. माणसांचं बोलणं त्यांना निम्मंच कळतं आणि त्यांच्या मते तेवढं पुष्कळ होतं. मशीनचं बोलणं मात्र पेचकसातून, हाडातून थेट आत पोचतं. "माणूस खोटं बोलते डॉक्टरीण बाई," ते मला सांगतात, "बेअरिंग नाही बोलत."

कॉलनीतला एकही फ्रिज, कूलर किंवा पाण्याचा पंप त्यांच्या पेचकसातून सुटलेला नाही. एकदा चहाला आले असताना त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याला टोक लावलं आणि म्हणाले, "आवाज आहे." सासरे म्हणाले, "तो मलाही येतो ऐकू. त्याला पेचकस कशाला पाहिजे?" शामभाऊंना ते ऐकू गेलं नाही. ते दुसऱ्या गुडघ्याकडे वळले होते.

लग्न त्यांनी केलं नाही. का, असं मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, "गेलो होतो न एकदा पोट्टी पाह्यले, दुर्ग गावाले. बसलो. वरते पंखा फिरून राहिला होता. त्याले आवाज होता."

"मग?"

"मंग काय, स्टूल मागतला."

पंखा दुरुस्त झाला. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा नवरामुलगा स्टुलावर उभा होता आणि त्याचं तोंड छताकडे होतं. तिकडून नकार आला, पण पंखा पुढे कित्येक वर्षं बिनआवाजाचा चालला, असं ते अभिमानानं सांगतात.

घरात शामभाऊ आणि त्यांची थोरली बहीण, माई, अशी दोघंच. माई त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा शामभाऊंना माईनंच वाढवलं, आणि त्या भरात तिचंही लग्न राहून गेलं. आता तिला काचबिंदूनं जवळजवळ काहीच दिसत नाही. ती व्हरांड्यात बसून अडकित्त्यानं सुपारी कातरते आणि जिभेनं शामभाऊंना.

या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली एक काळी, पाठीला कुबड असलेली विलायती मोटार उभी होती. ती यांच्या वडिलांची. वडील वकील होते, त्यांना सगळे दादा म्हणत. दादा गेले तेव्हापासून ती गाडी हलली नव्हती. कॉलनीतल्या मांजरींच्या चार पिढ्या तिच्यात जन्मल्या. मग माईला एक्याऐंशीवं लागणार म्हणून सहस्रचंद्रदर्शनाची टूम निघाली, आणि शामभाऊंनी जाहीर केलं की त्या दिवशी माई हॉलवर जाईल ती दादांच्या गाडीतून. इंजिन ते स्वतः उघडतील, स्वतः जोडतील, आणि घरीच.

माईला या कार्यक्रमाचं काही कौतुक नव्हतं. "हजार पौर्णिमा पाह्यल्या म्हणे म्या! शेवटच्या साठ-सत्तर मले दिसल्याच कुठी? त्या वजा करा आन् मंग बोलवा लोकायले."

पण शामभाऊंना अर्धंच ऐकू येतं. त्यांनी व्हरांड्यातला माईचा झोपाळा काढला, त्याच्या कड्यांना चेनकप्पी अडकवली आणि गाडीतून इंजिन उपसून तिथे टांगलं. तीन दिवस ते इंजिन झोपाळ्याच्या जागी वाऱ्यावर हलत होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला माई सांगायची, "या, बसा. आमच्या घरी आता इंजिन झुलून राहिलं. म्हातारी बसली खुर्चीवर."

पुढचे दहा महिने त्या घरात स्वयंपाक आणि इंजिन एकत्रच शिजलं. मोबाईलवर कुणी गोरा माणूस जुनी इंजिनं जोडून दाखवत असे. शामभाऊ त्याचं बोलणं ऐकायला पेचकसाचं टोक मोबाईलला लावून बसत. काच तडकली. त्यांनी दुसरा मोबाईल घेतला, त्यालाही टोकच लावलं, फक्त जरा हलकेच.

माझ्याकडचं सामान हळूहळू त्यांच्याकडे जाऊ लागलं. दात पाहायचा छोटा आरसा त्यांनी सिलिंडरच्या आत डोकावायला नेला. कीटण खरवडायची हत्यारं पिस्टनच्या खाचा साफ करायला नेली. "तुमचं आन् माहं काम एकच," ते म्हणाले. "पिस्टनवर कार्बन, दातावर कीटण. फरक एवढाच का पिस्टन ओरडत नाही." दुसऱ्या दिवशी एका पेशंटच्या तोंडाला रॉकेलचा वास आला तेव्हा मी नवी हत्यारं मागवली आणि जुनी त्यांना देऊन टाकली.

गणपतीत तर कहर झाला. पिस्टनमधून पिन सरकवायची तर पिस्टन आधी गरम करावा लागतो, असं त्या गोऱ्यानं सांगितलं होतं. शामभाऊंना घरात वाफ धरणारं एकच भांडं सापडलं. आम्ही त्यांच्याकडे आरतीला गेलो, आरती झाली, आणि प्रसाद वाढायला म्हणून मी मोदकपात्राचं झाकण काढलं. आत केळीच्या पानावर चार पिस्टन गोल मांडलेले, अंगावर घामाचे थेंब. शामभाऊ धावत आले. "झाकण लावा, झाकण लावा, थंडे होतीन!" मग त्यांनी फडक्यानं एकेक पिस्टन उचलला आणि बाप्पासमोर बसूनच पिना बसवल्या. माई म्हणाली, "तूपही सोड त्याच्यावर."

मी चिडून घरी आले आणि मग हसत बसले. त्या माणसावर फार वेळ रागावता येत नाही, हीच त्याची मोठी अडचण आहे.

सहस्रचंद्राला आठ दिवस राहिले आणि इंजिन गाडीत बसलं. पहिल्याच फटक्याला सुरू झालं. सुरू झालं हे आम्हाला धुरावरून कळलं, कारण आवाजच नव्हता. शामभाऊंनी माईची चहानं भरलेली कपबशी बॉनेटवर ठेवली. चहावर तरंग उठला नाही. सगळी कॉलनी जमली होती, माझ्या सासऱ्यांनी गुडघे विसरून टाळ्या वाजवल्या. शामभाऊंनी पेचकस लावला, डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा एवढा फुलला की मला गहिवरून आलं. "आवाज नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी प्रथमच ऐकत होते.

मग ते गाडी घेऊन एक फेरी मारून आले आणि घराच्या फाटकासमोर थांबले. हॉर्न वाजवला नाही. उतरले नाहीत. नुसते बसून राहिले. माई व्हरांड्यात सुपारी कातरत होती. पाच मिनिटं गेली. शेवटी शामभाऊ स्वतः उतरले, फाटक उघडलं आणि आत येऊन म्हणाले, "माई, गाडी आली."

"कोनाची?" माईनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते क्लिनिकमध्ये आले ते पेचकस न घेता. पेशंटच्या खुर्चीत बसले. मी सवयीनं दिवा लावला, त्यांनी सवयीनं तोंड उघडलं, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की हे त्यासाठी नाही.

"डॉक्टरीण बाई, लय मोठी चूक झाली. म्या आवाज काढून टाकला."

मला काही समजेना. आवाज काढून टाकणं हेच तर यांचं आयुष्यभराचं काम!

ते सांगू लागले. दादांच्या गाडीत एक टॅपेट कायम ढिला असायचा. टॅपेट म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह उघडणारा छोटासा दांडा, त्याच्याशी केसाएवढी फट ठेवावी लागते. दादांच्या गाडीत ती फट जास्त होती. त्यामुळे गाडी नाक्यावर असली तरी तिची टकटक घरापर्यंत यायची. कचेरीतून दादा परतले की ती ऐकून माई हातातलं काम टाकून फाटकाकडे धावायची. फाटक उघडणं हे माईचं काम होतं, दुसऱ्या कुणी उघडलेलं तिला चालायचं नाही. दादा कधी हॉर्न वाजवत नसत. डोळे गेल्यापासून माई फाटकाकडे फिरकली नव्हती. कुणी आलं तर म्हणायची, तूच उघड, मले काय दिसते.

"मले वाटलं गाडी आली का माई उठंन," शामभाऊ म्हणाले. "दहा महिने त्याच्याचसाठी खपलो. आन् सारं चांगलं करता करता तेच चांगलं करून टाकलं." आणि हा साठी उलटलेला माणूस माझ्या खुर्चीत बसून घळाघळा रडला.

जुना टॅपेट कुठे आहे, मी विचारलं. तो भंगारवाल्याकडे गेला होता. भंगारवाला म्हणाला, माल तर सिलतऱ्याला लोखंडाच्या भट्टीत गेला. एव्हाना त्याची सळई होऊन कुणाच्या तरी छतात बसली असेल.

तेव्हा नवीन टॅपेटच बिघडवायचा, असं ठरलं. शामभाऊंनी आधी ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, "भैया, मक्खन जैसी चल रही है, इसमें करना क्या है?" शामभाऊ म्हणाले, "खराब करना है." मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टर, तेव्हा मी काहीतरी सांगेन असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, "हाँ भैया, थोड़ा सा." तो परत आलाच नाही.

मग आम्ही दोघंच राहिलो. नेमकी फट मोजायला माझ्या क्लिनिकचं अपॉइंटमेंटचं कार्ड उपयोगी पडलं. पण गाडीत बसून शामभाऊंना लांबचा आवाज कळणार कसा? तेव्हा कान माझा. आणि मी तर मूळ आवाज ऐकलेलाच नव्हता.

"टिक नाही, टक नाही," ते समजावू लागले. "माई सुपारी कातरते न, पयले फोडते तवा नाही, मंग बारीक कातरते तवा. तसा."

मी दोन दिवस सकाळी माईच्या शेजारी बसून अडकित्ता ऐकला. ती म्हणाली, "काहून वं, दवाखाना बंद पडला का?" मी म्हटलं, "सुपारीनं दात खराब होतात माई, ते सांगायला आले." ती म्हणाली, "हव, पाहू दे तुहे." आणि मला एक खांड दिलं. मग मी तोंडात सुपारी घेऊन नाक्यावर उभी राहिले. शामभाऊ कॉलनीला फेऱ्या मारत होते. कार्डाची एक घडी, आवाज फार बारीक. तीन घड्या, पत्र्यावर गारा पडल्यासारखा. दोन घड्यांना मी हात वर केला. तीन पेशंट मला तशा अवस्थेत पाहून गेले.

सहस्रचंद्राच्या सकाळी माई जरीचं लुगडं नेसून, कपाळाला आठ्या घालून व्हरांड्यात बसली होती. आम्ही एक्याऐंशी दिव्यांचं ताट घेऊन मागे उभे. "शाम्या कुठी गेला?" तिनं विचारलं. मुहूर्ताला अजून वेळ होता, तो जावा म्हणून तिनं अडकित्ता हाती घेतला.

तेवढ्यात नाक्यावरून तो आवाज आला.

माईचा हात थांबला. मान जरा वाकडी झाली. तिनं सुपारी ताटलीत ठेवली, अडकित्ता मिटला, लुगड्याला हात पुसले आणि उठली. मी धरायला पुढे झाले तर तिनं मला कोपरानं बाजूला केलं. पायऱ्या तिच्या पायांना पाठ होत्या. अंगणातून ती चालत गेली, हात पुढे केला, आणि कडी पहिल्याच खेपेला तिच्या हाती लागली. फाटक करकरत उघडलं. गाडी समोर टकटक करत उभी होती. शामभाऊ स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले होते.

माईनं बॉनेटवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "लेकाच्या, आवाज आहे तुह्या गाडीले."

"काय म्हनते?" शामभाऊंनी आतून विचारलं. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

माई खिडकीशी गेली, चाचपून त्यांचा उजवा कान शोधला, तो धरला आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "दादाच्या गाडीले होता न, तोच! आवाज आहे म्हटलं, आवाज!"

"हव माई," शामभाऊ म्हणाले. "आहे."