फांदीच्या अलीकडे

“फांदी! अरे झव्दी, फांदी!”

एल्याशीव याजक असा काही ओरडला की झव्दी कुंभाराचा उचललेला पाय हवेतच राहिला. ऊन मी म्हणत होतं, यरुशलेमची चढण अजून पुढेच होती, आणि रस्त्याकडेच्या डेरेदार अंजिराखाली बसून भाकरीचं गाठोडं सोडावं, एवढाच साधा विचार त्याच्या मनात होता.

“काय झालं बुवा? साप?”

“साप परवडला! ते बघ बुंध्याशी. मढं आहे!”

झव्दीनं पाहिलं. एक म्हातारा उताणा पडला होता. तोंडावर फडकं, एका पायात सुतळीनं बांधलेली वहाण, दुसरा पाय उघडा. झव्दी पाय मागे घ्यायला गेला आणि तोल जाऊन धपकन रस्त्यात बसला.

त्याचं घाबरणं वाजवीच होतं. झव्दी व्रतस्थ नाजीर होता. थोरली लेक तिर्झा तापानं फणफणली तेव्हा तो नवस बोलला होता, की पोर उठून बसू दे, मी नाजीर होईन. पोर उठून बसली, इतकी की आता तिचं लग्न ठरलं होतं. व्रताला द्राक्षारस वर्ज्य, केसाला कात्री वर्ज्य, आणि सगळ्यांत कडक म्हणजे मेलेल्याचा विटाळ वर्ज्य. व्रताची मुदत भरत आली होती. मंदिरात बळी वाहायचा, जटा उतरवायच्या, तिथल्या लेवी गायकांचं गाणं पोटभर ऐकायचं आणि घर गाठायचं. निघताना बायकोनं, योखेवेदनं, उंबऱ्यातच बजावलं होतं, “डोकं भादरूनच परत या. नाहीतर व्याह्यांना सांगेन, मुलीचा बाप गेल्या दुष्काळात वारला म्हणून.”

आणि विटाळ झाला, की झालेलं सगळं व्रत वाया. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

“बुवा, मी फांदीखाली गेलो का हो?”

“पाय गेला नाही. मी बघत होतो.” एल्याशीवनं डोळे बारीक केले. मढ्यावर छाया धरणारी फांदी म्हणजे छप्परच. तिच्याखाली जो येईल तो बाटला. “पण ह्या जटांचं काही सांगता येत नाही. वारा तिकडचाच होता.”

झव्दीनं दोन्ही हातांनी जटा गच्च धरल्या, जणू त्या अजूनही पळून जाणार होत्या. “मग?”

“हमरस्त्यावरचा संशय शास्त्र माफ करतं, घरातला नाही. घरात असतास तर मेला होतास.”

झव्दीनं सुटकेचा निःश्वास टाकला खरा, पण तेवढ्यात हातातल्या दोरीला हिसका बसला. बळीचा मेंढा पडलेली अंजिरं हुंगत थेट झाडाखाली निघाला होता.

“दोरी सोड!” याजक ओरडला.

“अहो, मेंढा जाईल!”

“मेंढ्याला विटाळ नाही, तुला आहे! सोड!”

झव्दीनं दोरी सोडली. मेंढा मढ्याच्या उशाशी जाऊन निवांत अंजिरं खाऊ लागला. मधूनच तो म्हाताऱ्याची दाढी चाटी. ह्या दोघांना मात्र त्याला हाकलायलाही जवळ जाता येईना; कारण एल्याशीवही जन्माचा याजक, मंदिरातल्या आपल्या पाळीला निघालेला, आणि याजकालाही प्रेत वर्ज्यच.

“आता?”

“आता शास्त्र असं, की बेवारस प्रेत दिसलं तर पुढे जाता येत नाही. माती द्यावीच लागते. नाजीर असो, नाहीतर प्रत्यक्ष मुख्य याजक असो. पण आधी हाका मारायच्या. कोणी ओ दिली तर ते प्रेत बेवारस नव्हे.”

दोघांनी तोंडाशी हात धरून साद घातली. “आहे काऽ कोणीऽ?” समोरच्या डोंगरातून उत्तर आलं, “कोणीऽ...”

“आली की ओ!” झव्दी आनंदानं म्हणाला.

“तो डोंगर आहे, गाढवा.”

“ओ दिली ना पण? डोंगर येऊन पुरणार नाही, हे मला कळतं. मी आपलं शास्त्रापुरतं विचारतोय.”

घसे बसेपर्यंत हाका झाल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग दोघंही एकमेकांकडे फार प्रेमानं बघू लागले.

“माझं सोवळं जन्माचं आहे, झव्दी. तुझं काय, आज आहे, उद्या जटांबरोबर उतरणार.”

“म्हणूनच म्हणतो, तुम्ही व्हा पुढे. तुम्ही बाटलात तर आठवड्यात शुद्ध. मला पुन्हा बळी, पुन्हा व्रत, पुन्हा ह्या उवा! आणि तिकडे लग्न!”

“माझी पाळी चुकेल.”

“माझी पोर अडेल!”

भांडता भांडता झव्दी मध्येच थांबला. त्याला एक कोडं पडलं होतं. “बुवा, मला सांगा. ह्या व्रतात माझा बाप वारला असता तरी मला त्याला हात लावता आला नसता ना?”

“नसता.”

“आईला?”

“तिलाही नाही.”

“आणि ह्या कोण कुठल्याला मात्र लावायचाच? हे असं उलटं का?”

एल्याशीव तोंड उघडून वाद घालणार होता. पण प्रश्नच असा होता की त्याचा आवाज खाली आला. “तुझ्या बापाला तुझे भाऊ आहेत रे, सगळं गाव आहे. ज्याला कोणीच नाही, त्याच्यापाशी देव आपलं सोवळं बाजूला ठेवतो. मग आपलं कुठलं घेऊन बसायचं?”

झव्दी त्या सुतळीच्या वहाणेकडे बघत राहिला. मग त्यानं बाह्या सरसावल्या. “माझे हात तसेही मातीचेच,” तो पुटपुटला. “योखेवेदला तुम्ही समजवा.” आणि डोळे मिटून तो फांदीखाली गेला.

याजकाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं डोक्याचं पागोटं सोडलं आणि लांबूनच फेकलं. “कफनाला घे!”

झव्दीनं गुडघे टेकले, म्हाताऱ्याचा हात हातात घेतला, आणि किंचाळून सोडला. हात ऊन होता!

“सावकाश,” फडक्याखालून आवाज आला. “संधिवात आहे मला.”

मेंढा सोडून सगळे दचकले. म्हातारा कण्हत उठून बसला. त्याचं नाव गद्दीएल. डोळा लागला होता, मेंढ्यानं चाटलं तेव्हा जाग आली.

“मग उठला का नाहीस?” याजक कडाडला. “आमचे घसे बसले हाका मारून! तेव्हा तरी ओ द्यायची!”

“तुम्ही मेलेल्याचं माणूस शोधत होता. मी कुठल्या नात्यानं ओ देऊ?” गद्दीएलनं दाढीतलं अंजीर काढून खाल्लं. “मला मूल ना बाळ. आपल्याला माती कोण देणार, हे रोज मनात येतं. आज आयतं ऐकायला मिळत होतं. म्हटलं, बघू तरी कोण देतं.”

एल्याशीवनं पागोटं उचललं. झव्दीच्या डोक्यात मात्र आता उजेड पडत होता. “बुवा! हा जिवंत म्हणजे विटाळ नाही! माझं व्रत शाबूत!”

“शाबूत.”

“आणि पोरा,” गद्दीएलनं हळूच विचारलं, “मी खरोखर मेलो, तर येशील?”

“येईन. पण लगेच नको हो. पोरीचं लग्न होऊ दे.”

“छे, घाई कसली! जेवण आहे ना लग्नात?”

“मग चला आमच्याबरोबरच!” झव्दीला भरून आलं. म्हाताऱ्याला उठवून त्यानं दोन्ही हात आकाशाकडे पसरले. “हे देवा, ह्या माणसाला शंभर वर्षं आयुष्य दे, मी पुन्हा एकदा ना—”

एल्याशीवनं झेप घेऊन त्याचं तोंड दाबलं.

“का अडवलंत?” गद्दीएल हिरमुसून म्हणाला. “माझ्या फायद्याचं चाललं होतं.”